नळीतला जांभळा

गणपतीमामांची आणि जांभळ्या रंगाची गाठ पडली ती १९९१च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मामा ती स्वतःच सगळ्यांना सांगत. लग्नाची तारीख कुणी विचारली की ते बायकोच्या तोंडाकडं बघत. ही तारीख मात्र घड्याळासकट पाठ.

त्याआधी सतरा वर्षं मामा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत होते. तिथं रंग दोनच. एक काळा, तो भिंतींवर, माणसांवर आणि डब्यातल्या भाकरीवरही. दुसरा वितळलेल्या लोखंडाचा, आणि त्याच्याकडं बघायची सोय नव्हती. फौंड्री बंद पडली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मामा एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांचं गणपती हे नाव जाऊन नुसतं 'मामा' उरलं. खाकी कपड्यातला माणूस दिसला की कॉलेजची पोरं त्याला मामा करून टाकतात, वयाचा दाखला मागत नाहीत. मामा तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि मिशीला रोज खोबरेल लावत होते. त्यांना हे जरा लागलंच.

त्या मंगळवारी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. एका मुलीला पांढऱ्या मिठाची पुडी मिळाली होती. तिनं ते पाण्यात विरघळवलं, नळीत ओतलं, वर थोडा सीसीएल फोर नावाचा जड द्रव घातला. तो तळाशी जाऊन बसला, पाण्यासारखाच बिनरंगी. मग तिनं ड्रॉपरनं क्लोरीन वॉटरचे चार थेंब सोडले आणि नळी हलवली.

तळाचा थर जांभळा झाला.

मामांच्या हातात घासलेल्या बावीस नळ्यांचा ट्रे होता. तो त्यांनी खाली सोडला नाही, याबद्दल त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती आणि नळीच्या बुडाशी एक बोटभर संध्याकाळ साठली होती. मामांना वाटलं, आपल्याला कुणीतरी उचलून त्या बोटभर जागेत ठेवलंय आणि बाहेरची परीक्षा, घंटा, साहेब, सगळं कुठं तरी लांब चाललंय.

"मामा, नळ्या!" मागनं धैर्यशील सर ओरडले. धैर्यशील सर म्हणजे विभागप्रमुख. माणूस देवासारखा, आवाज भोंग्यासारखा.

त्याच सरांनी नंतर मामांना त्यातली गोम सांगितली. पांढऱ्या मिठात आयोडाइड असतं. क्लोरीन येतं आणि त्याला हुसकून त्याची जागा घेतं. हुसकलेलं आयोडीन सुटं होतं आणि त्या जड द्रवात जाऊन बसलं की जांभळं दिसतं. मामांनी ते ऐकलं, डोक्यात दोन दिवस भिजत घातलं आणि आपल्या भाषेत बांधून टाकलं. पुढं तेरा वर्षं प्रत्येक बॅचला ते सांगत, "चंदगडची एस्टी बघितलीस? आयोडाइड सीटवर निवांत बसलंय. बसलंय तवर त्याला रंग न्हाय. क्लोरीन म्हंजे दांडगा गडी. आला, ढकललं, बसला. आयोडीन उठून हुबं ऱ्हायलं, आन् हुबं ऱ्हायलं की त्येचा रंग दिसतोय. पर थेंबाथेंबानं! लई क्लोरीन वतलंस तर ते गडी आयोडीनलाबी आपल्यात वडत्यात. मग रंग गेला बोंबलत."

पोरं हसत आणि नेमकी बदाबदा ओतत. जांभळा क्षणभर दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. मामा हळहळत. एखाद्या पोराचे मार्क गेल्याचं त्यांना तितकं वाटत नसे. एक संध्याकाळ फुकट गेल्याचं वाटे.

पण आपण अजून त्याच मंगळवारी आहोत. मामा त्या दिवशी कसबा बावड्याला घरी आले ते तरंगतच. चुलीपुढं बायडाबाई भाकरी थापत होत्या. आठ वर्षांची दीप्ती पाटीवर म्हैस काढत होती.

"बायडे, आज मी एक रंग बघितला."

"बघा की. कुटं लावला?"

"लावायचा न्हाय. असा रंग... तुला साडी आणतो त्या रंगाची. दुसरी घेऊ नगंस. थांब. त्योच रंग आणतो."

बायडाबाई माहेरच्या शाहूवाडीच्या. तिकडच्या माणसांना भात पिकवून पिकवून थांबायची सवय असते. त्या म्हणाल्या, "बरं."

आणि त्या खरंच थांबल्या. हे मामांच्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षं गेली. बायडाबाईंना साड्या मिळत. भावानं नेसवलेल्या, नणंदेच्या लग्नातल्या, कुणाच्या बारशातल्या. त्या नेसत, झिजवत, गोधडीत घालत. पण स्वतःच्या आवडीची म्हणून दुकानात जाऊन एक साडी त्यांनी घेतली नाही. पत्र्याच्या ट्रंकेत डाव्या अंगाला एका साडीएवढी जागा मोकळी असे. शेजारणी विचारत, तेव्हा त्या सांगत, "आमच्या ह्यांची साडी यायची हाय. वाटंत हाय म्हनं."

मामा शोधत नव्हते असं नाही. महाद्वार रोडवरून जाताना ते दुकानांच्या काचांना नाक लावून उभे राहत. शोधण्यापेक्षा स्वप्नं बघण्यात मात्र त्यांचा हात जास्त चाले. केएमटीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की त्यांचे डोळे अर्धे मिटत आणि सगळं कोल्हापूर हळूहळू खालच्या थरात उतरायला लागे. रंकाळा जांभळा होई. गंगावेशीत धार काढायला उभ्या केलेल्या म्हशी जांभळ्या होत आणि दूधही फिकट जांभळं येई. मिसळीवरची तर्री जांभळी होई, आणि ती तशी झाली तरी कोल्हापूरकर "अजून जाळ पायजे" म्हणून भांडत. या सगळ्यातून बायडाबाई चालत येत, पदर डोक्यावर, आणि पदराचा रंग तोच. एवढ्यात कंडक्टर त्यांना हलवून उठवी. स्टॉप दोन मागं गेलेले असत.

अशी तेरा वर्षं गेली. २००४च्या उन्हाळ्यात दीप्तीचं लग्न ठरलं. बुद्धविहारात, मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. नवरी पांढऱ्या साडीत असणार, नवरा पांढऱ्या कपड्यांत. मामांच्या डोळ्यांपुढं चित्र तयारच होतं: पांढऱ्याशुभ्र लेकीच्या शेजारी जांभळी आई.

बायडाबाईंच्या डोळ्यांपुढं दुसरंच होतं. एका सकाळी चहाचा कप मामांपुढं ठेवून त्या म्हणाल्या, "अवो, एक इच्यारू? खरं सांगायचं."

"इच्यार की."

"त्यो रंग हाय का न्हाय?"

मामांनी उचललेला कप परत खाली ठेवला.

"न्हाय म्हंजे, नसला तरी माजं काय म्हननं न्हाय," बायडाबाई शांतपणे म्हणाल्या. "तवा तुमी नवीन नोकरीत हुता, खुशीत बोलून गेला आसाल. पर तेरा वर्सं मी शेजारणीस्नी सांगालोय, वाटंत हाय म्हनून. नसंल तर आत्ता सांगा. मी दीप्तीला घिऊन जातो आन् करड्या रंगाची एक चांगली साडी आणतो. माज्या वयाला शोबती. आन् त्या ट्रंकंत जागा ठेवायचं बंद करतो."

त्या भांडल्या असत्या तर मामांनी सहन केलं असतं. कोल्हापुरात भांडण म्हणजे नुसतं बोलणं, जरा मोठ्यानं. पण हे शांत बोलणं त्यांच्या काळजात गेलं. साडी मिळो न मिळो. ही बाई तेरा वर्षं एका थापेसाठी थांबली असं तिला वाटलं, तर उरलेलं आयुष्य कसं काढायचं?

"हाय," ते म्हणाले. "रविवारपातूर थांब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये एक छोटी नळी घेतली, त्यात मन लावून, थेंबाथेंबानं, सुंदर जांभळा केला, वरचं पाणी काढून टाकलं, बूच बसवलं आणि बुचाभोवती मेणबत्तीचं मेण ओतलं. सीसीएल फोरमध्ये मेण विरघळतं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी पोरांना ते स्वतः सांगत. पण माणूस साडीच्या दुकानात निघाला की रसायनशास्त्र घरीच राहतं.

शनिवारी संध्याकाळी बायडाबाईंनी धुतलेला पांढरा सदरा त्यांनी अंगात घातला. हा सदरा म्हणजे त्या घरातली एक वास्तूच होती. बायडाबाई त्याला माहेरच्या तांदळाच्या पेजेची खळ देत, आणि ती अशी की सदरा काढून ठेवला तरी उभा राहावा. खिशात नळी ठेवून मामा महाद्वार रोडला गेले आणि एका मोठ्या दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसले.

"बोला पावणं, काय दावू?" दुकानातला बाळासो नावाचा गडी पुढं सरसावला.

मामांनी खिशातून नळी काढली आणि दिव्याकडं धरली. "ह्यो रंग."

बाळासोनं नळीकडं बघितलं, मामांकडं बघितलं, मग शेजारच्या सोबत्याला कोपरखळी मारली. "पावणं, आजारी कोन हाय?"

"आजारी न्हाय. साडी पायजे. ह्या रंगाची. जरा कमी न्हाय, जरा जास्त न्हाय."

बाळासोही बावीस वर्षं गादीवर काढलेला माणूस. आव्हान आलं की मागं हटणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं साड्यांचा डोंगर केला. राणी कलरची उघडली, मामांनी मान हलवली. चिंतामणी उघडली, मामांनी मान हलवली. मोरपंखी उघडली, तेव्हा मामांनी डोळेच मिटले.

"मग ही वांगी कलर घ्या! लाखात एक!"

"वांगं कुटं, ह्यो कुटं!" मामा दुखावले. "वांगं म्हंजे जड काम. ह्येच्यात उजेड हाय, बघ. मागनं उजेड येतोय."

"पावणं, उजेड पायजे तर बल्ब घ्या की. समोरच दुकान हाय."

शेवटी बाळासोनं रागानं एक पोपटी साडी मामांच्या मांडीवर टाकली. पिवळट पोपटी, तकतकीत. मामा दचकून मागं सरले. "नगं नगं! ह्यो तर क्लोरीनचा रंग! नाकात जातोय." त्यांनी खरंच नाक धरलं. बाळासोनं साडीचा वास घेऊन बघितला आणि गिऱ्हाइकाकडं पहिल्यांदाच काळजीनं बघितलं.

याच वेळी त्याची नजर मामांच्या छातीवर गेली. "पावणं, पेन गळालंय तुमचं!"

मामांनी खाली बघितलं. मघाशी त्यांनी नळी पुन्हा खिशात ठेवली होती. मेणानं आपलं काम केलं होतं, म्हणजे ते विरघळलं होतं. एप्रिलचा घाम, तांदळाची खळ आणि सुटं आयोडीन, तिघंही एकाच खिशात भेटले होते. पांढऱ्या सदऱ्यावर बरोबर काळजापाशी तळहाताएवढा काळपट निळा डाग पसरत होता.

नळी रिकामी होती.

घरी बायडाबाईंनी डाग जवळ येऊन बघितला. मग म्हणाल्या, "ह्यो निळा हाय. तुमी तर जांभळा म्हनत हुता."

"अगं, जांभळाच हुता. खळीला लागला की निळा हुतोय."

"व्हय व्हय. आन् दुकानात गेला की न्हायसा हुतोय."

"आई, असू दे की," दीप्ती मधे पडली. "पप्पा, लग्नात तुम्ही काय घालणार आता?"

"डाग निघंल. लॅबमदी हायपो हाय, आयोडीनचा डाग घालवायचं औषद. एका मिन्टात जातोय."

बायडाबाईंनी सदऱ्याची घडी केली, पिशवीत घातला आणि पिशवी स्वतःच्या काखोटीला मारली. "उद्या मी बी येतो. बघतोच कसा निघतोय."

बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये आणायचं नाही, हा नियम मामांनी तेरा वर्षं पाळला होता. रविवारी सकाळी त्यांनी धैर्यशील सरांच्या दारात जाऊन सगळं खरं खरं सांगितलं. साडीपासून मेणापर्यंत. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि भोंग्याचा आवाज जितका लहान करता येईल तितका करून म्हणाले, "चला, मी कुलूप उघडून देतो. तुमचं ते पांढरं मीठ, पोटॅशियम आयोडाइड, संपत आलंय, एवढीच पुडी आहे. ती घ्या. मी बाहेर पेपर वाचत बसतो. आणि मामा, खिडक्या उघडा."

लॅब रविवारी वेगळीच दिसत होती. पोरं नाहीत, गोंगाट नाही. रिकाम्या टेबलांवर ऊन आडवं झोपलं होतं. बायडाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. मामा म्हणाले, "घाल घाल, काचा असत्यात." त्यांनी घातल्या, पण पावलं हळूच टाकली.

आधी सदरा. मामांनी बशीत हायपोचं पाणी घेतलं आणि डागावर शिंपडलं. निळा डाग बघता बघता गेला. सदरा जसा होता तसा. बायडाबाईंनी कापड उजेडात धरलं, उलटं केलं, बोटानं चोळलं.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सुवर्णपदक होतं. "आता त्यो तुमचा."

मामांनी लॅबमध्ये पाऊल टाकताच ताजं क्लोरीन वॉटर करायचा घाट घातला होता आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ वायू पाण्यात सोडला होता. बायकोला दाखवायचं, फिकट कसं चालेल? नळीत चिमूटभर मीठ, पाणी, तळाला जड द्रव. तेरा वर्षं पोरांना 'थेंबाथेंबानं' म्हणून सांगणाऱ्या त्या माणसानं ड्रॉपर बाजूला ठेवला आणि बाटलीच नळीवर कलती केली.

जांभळा आला. गडद, खोल, अगदी त्या मंगळवारसारखा. बायडाबाई पुढं वाकल्या, पदर सावरला, आणि त्यांनी नीट बघायच्या आत तो विरघळत गेला, फिका झाला, पिवळट झाला आणि गेला. नळीत वर पाणी, खाली पाणी.

बाटली रिकामी होती. मामांना काही सुचेना. काय झालं ते त्यांना चांगलं कळलं होतं, शेकडो पोरांच्या नळ्यांत त्यांनी हेच बघितलं होतं. क्लोरीनच्या दांडग्यांनी आयोडीनला आपल्यात ओढून नेलं होतं. आता पुन्हा क्लोरीन करायचं म्हणजे दुपार होणार. आणि बायडाबाईंच्या तोंडावर ते शांत भाव परत येत होते, चहाच्या वेळचे.

"मी लई वतलं," मामा पुटपुटले. "मीच. पोरांस्नी सांगतो, आन् मीच."

बायडाबाई नळीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावरची पुडी उचलली. तिच्यात अजून अर्धं मीठ होतं.

"काय जास्त झालं?"

"क्लोरीन. त्ये पानी. दुसऱ्याला हुसकून बसनारं दांडगं गडी."

"आन् ह्ये मीठ कमी पडलं?"

"तसं... व्हय."

"मग घाला की आनि! आमटीत चिच्च जास्त पडली तर आमटी वतून देतो व्हय आमी? गूळ घालतो. तुमच्या त्या गड्यांस्नी हुसकायला कोन पायजे हाय न्हवं, मग द्या की त्येंच्या पुढ्यात."

तेरा वर्षांत हे मामांच्या डोक्यात आलं नव्हतं. पोराची नळी बिघडली की ती मोरीत ओतायची आणि घासायची, एवढंच त्यांचं काम. त्यांनी घाबरत घाबरत उरलेली पुडी नळीत झटकली, अंगठा धरून हलवली आणि उन्हात उभी केली.

वरचं पाणी आधी तांबूस झालं. मग खालून, अगदी बुडातून, जांभळा उठला. गेलेला तर परत आलाच, नवाही त्याला येऊन मिळाला. थर थरथरला आणि स्थिर झाला. खिडकीतल्या उन्हानं त्याच्या पाठीशी दिवा लावला, आणि टेबलावर, बायडाबाईंच्या हातावर, बांगड्यांवर एक जांभळा कवडसा पडला.

बाहेर धैर्यशील सरांनी पेपरचं पान उलटलं, त्याचा आवाज आला. बायडाबाईंनी हात हळूच पुढं मागं केला. कवडसा मनगटावर चढला, उतरला.

"हाय की," त्या म्हणाल्या. "खरंच हाय की वो."

मामांनी नाक ओढलं आणि क्लोरीनवर ढकललं.

मग बायडाबाईंनी नळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि एकदम खुदकन हसल्या. "अवो, ह्यो तर वांग्याच्या फुलाचा रंग!"

"वांगं?"

"वांगं न्हवं, फूल! मोरीच्या पान्यावर आपलं झाड न्हाय व्हय, दाराम्होरं? उजेड मागनं आला की आस्संच दिसतंय. तेरा वर्सं त्येच्यावरनं तंगड्या टाकून कामाला जाताय की!"

मामा नळीकडं बघत बसले. संपूर्ण महाद्वार रोड त्यांनी पालथा घातला होता, आणि मोरीकडं बघायचं राहून गेलं होतं.

त्याच दुपारी बायडाबाई दीप्तीला घेऊन बाळासोच्या दुकानात गेल्या आणि अर्ध्या तासात साडी घेऊन आल्या. मामांनी पिशवीत डोकावलं. पोपटी. पिवळट पोपटी, तकतकीत.

"अगं, ह्यो..."

"मला आवडला," बायडाबाई म्हणाल्या. "त्यो बाळासो म्हनत हुता, एका येड्या पावण्यानं नाक धरलं म्हनून. म्हटलं, मग हीच द्या."

लग्नाच्या दिवशी विहारात पंखे गरगरत होते. दीप्ती पांढऱ्या साडीत उभी होती. मामा पांढऱ्या सदऱ्यात, ताज्या खळीत, मान वळवता येत नाही अशा अवस्थेत. आणि बायडाबाई पोपटी साडीत आल्या. अंबाड्यात त्यांनी दोन फुलं खोवली होती. वांग्याची. पहाटे मोरीपाशी वाकून तोडलेली.

"अगं बायडे, वांग्याची फुलं कोन घालतंय डोक्यात?" चुलत जाऊ विठाबाई फिसकारल्या.

"आमच्यात घालत्यात," बायडाबाई म्हणाल्या.

दारातून ऊन आत आलं होतं. पोपटी पदरावर जांभळी फुलं, मागनं उजेड. मामांच्या डोळ्यांपुढं विहार हळूहळू तरंगायला लागला. गाथा संपली, सगळ्यांनी मुठीतल्या पाकळ्या एकदम उधळल्या आणि टाळ्या झाल्या. मामांची मूठ तशीच.

"काय बघालाय?" बायडाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "फुलं टाका की लेकीवर!"

मामांनी मूठ उघडली आणि एक पाकळी टाकली. मग एक. मग आणखी एक. लोक जेवायला उठले, फोटोवाला कॅमेरा आवरायला लागला, तरी मामा टाकतच होते, थेंबाथेंबानं.